नाव काय लावायचं?

धावारे सर कुणालाही ‘तुमचं नाव काय?’ असं विचारत नसत. ते विचारत, ‘तुमचं नाव काय लावायचं?’ कारखान्यात मी नवी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. माणसाला नाव असतंच की, ते लावायचं काय? पण समोरचा माणूस हसत नसे. तो थबकायचा, टोपी नीट करायचा, आणि मग सांगायचा. असा प्रश्न आपल्याला कुणी विचारेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसायचं.

परवा आमच्या बँकेत नवी प्रणाली आली म्हणून कारभार बंद होता. सुरू झाल्यावर गेले तर काउंटरवरच्या मुलीनं पडद्याकडं बघून मला ‘शीला मॅडम’ म्हटलं. मी शैला. दुरुस्त कर म्हटलं तर म्हणाली, खातं तुमचंच आहे ना, मग काय फरक पडतो? मी अशी भडकले की मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. घरी लेक म्हणाला, आई, एका मात्रेसाठी एवढं? त्याचंही बरोबर आहे. त्यानं धावारे सरांना पाहिलेलं नाही.

आमचा सहकारी साखर कारखाना कळंबपासून एसटीनं तासाभराच्या रस्त्यावर होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावोगावच्या लोकांनी शेअर घेऊन तो उभा केला. पुढं ऐंशीनंतर संचालकांच्या मनात आलं की आपल्याकडंही कॉम्प्युटर पाहिजे. मग एका खोलीला थंड हवेचं यंत्र बसलं, कपाटाएवढं मुख्य मशीन आलं, ज्याला आजची पोरं सर्व्हर म्हणतात, आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल आले. माझा टायपिंगचा वेग बरा होता, म्हणून मला तिथं घेतलं. विभागाचे प्रमुख उत्तम ज्ञानोबा धावारे.

सर बुटके, अंगानं भरलेले. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट आणि वर्षभर पायात मोजे. आमच्या भागातली धूळ मशीनला सोसत नाही म्हणून ते सगळ्यांना खोलीबाहेर चपला-बूट काढायला लावत. खुद्द एमडी साहेबांनाही सुटका नव्हती. साहेबांच्या मोज्याला भोक आहे म्हणून ते आमच्याकडं फिरकत नाहीत, असं आम्ही मुली म्हणायचो आणि तोंडाला पदर लावून हसायचो. सरांना ते ऐकू जायचं. ते चष्मा पुसत बसायचे.

मशीन अधूनमधून अडायचं. पडद्यावर अक्षर उमटेना झालं की मी बटणं बडवायला लागायची. सर म्हणायचे, ‘रुसलंय. जरा बाजूला बसू.’ आणि खरंच खुर्ची मागं सरकवून गार झालेला चहा पीत बसायचे. चहा ते मुद्दाम गार करून प्यायचे. गरम चहा पिणाऱ्या माणसाला घाई असते, आणि घाई असलेल्या माणसाला मी मशीनला हात लावू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला गरम चहाच आवडतो, तेव्हाही आवडायचा. यावरून आमची रोज जुंपायची.

ते मूळचे भूमकडच्या कोरड्या भागातले, हिवरवाडीचे. औरंगाबादला बी.एस्सी. केलं, सोलापुरात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॉम्प्युटर शिकले. ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायचे, पण काही मनाला लागलं की गावची बोली बाहेर पडायची. त्यावरून आम्हाला त्यांचा मूड कळायचा.

आता नावांचं सांगते. सर येण्याआधी सभासदांची नावं मशीनमध्ये भरायचं काम बाहेरून करून घेतलेलं होतं. ज्यांनी भरलं त्यांनी शेअरच्या रजिस्टरवरून उतरवलं, रजिस्टर गावच्या जुन्या दप्तरावरून केलेलं, आणि दप्तर निजामाच्या वेळचं. त्यात मोठ्या जमीनवाल्यांची नावं रावांसकट, पाटलांसकट पुरी होती. बाकीच्यांची नावं मालकानं गड्याला हाक मारावी तशी. किसन्या वल्द म्हाद्या. धोंड्या वल्द राण्या. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं मला सरांनी सांगितलं. महारवाड्यातली नावं बहुतेक अशीच होती, पण धनगर, वडार, मांग आणि कितीतरी गरीब मराठ्यांचीही तशीच होती. छप्पन सालानंतर सरांच्या लोकांनी धर्म बदलला, पोरं शिकवली, घराघरांत नवी नावं आली. दप्तराला त्याचा पत्ता नव्हता.

सरांनी हे सगळं बदलायचं मनावर घेतलं. वरून हुकूम नव्हता. सभासद शेअरच्या कामासाठी, उसाच्या नोंदीसाठी कारखान्यावर यायचे, तेव्हा सर त्यांना मोजेबिजे न बघता थेट आत टर्मिनलसमोर बसवायचे आणि विचारायचे, ‘नाव काय लावायचं?’ माणूस सांगेल ते तिथल्या तिथं टाइप करायचे आणि पडद्यावरचं वाचून दाखवायचे. मी म्हटलं, सर, आधी कागदावर लिहून घेऊ, मग मी एकदम टाकते. ते म्हणाले, ‘कागदावर घेतलं की ते कारकुनाचं होतं, शैलाताई. कारकून पुन्हा आपल्या मनासारखं लिहितो. आजवर असंच झालं.’ म्हणून कागद नव्हता. जे काही होतं ते मशीनमध्ये होतं.

एकदा एक म्हातारी आली. तिच्या नावावर शेअर होता तो नवऱ्यामागं आलेला, आणि मशीनमध्ये तिचं नावच नव्हतं. अमक्याची विधवा, एवढंच. सरांनी विचारलं, ‘मावशी, नाव काय लावायचं?’ शेजारी उभा असलेला लेक म्हणाला, तुळसाबाई लावा. म्हातारीनं मान हलवली. म्हणाली, ‘तुळसा सासरचं. माहेरी मला चंपा म्हनायचे. चंपाबाई लावा.’ लेकाचं तोंड उघडंच राहिलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आईचं नाव पहिल्यांदा कळत होतं. सरांनी टाइप केलं, वाचून दाखवलं. म्हातारी निघताना मशीनला हात जोडून गेली.

एकानं मात्र भलतीच हौस केली. ‘सरदार’ लावा म्हणाला. सरांनी निमूटपणे लावलं. आठवडाभरात गडी परत, मान खाली. बायको म्हणते की सरदाराच्या घरात पीठ का नसतं. सरांनी तेही निमूटपणे काढलं. मी मात्र त्या दिवशी हसून हसून वेडी झाले.

सरांचे वडीलही सभासद होते. वतनाच्या जमिनीचा एक तुकडा, त्यात स्वतः खणलेली विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर जमेल तेवढा ऊस. उंच, वाळका म्हातारा, धोतर मळलेलं पण फेटा नेहमी स्वच्छ. सरांनी त्यांना ओळख दाखवली नाही. रांगेत उभं राहू दिलं. पाळी आल्यावर खुर्ची पुढं केली आणि सगळ्यांना विचारायचे तसंच विचारलं, ‘आबा, नाव काय लावायचं?’

म्हाताऱ्यानं घसा साफ केला. ‘ज्ञानोबा बाळाजी धावारे.’

सरांची बोटं थांबली. मला नंतर कळलं की आजा जन्मभर बाळ्या होता, त्याला बाळाजी कधी कुणी म्हटलं नव्हतं. तो मरूनही कित्येक वर्षं झाली होती. आबांनी आपल्या नावाबरोबर बापालाही नाव देऊन टाकलं. सरांनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. आबा म्हणाले, पुन्हा वाच. सरांनी पुन्हा वाचलं. असं करता करता दोन-अडीच वर्षांत मशीनमधली जवळजवळ सगळी नावं बदलली.

मग ते वर्ष आलं. पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. ऊस उभ्या उभ्या वाळला, हंगाम लवकर आटोपला, विहिरींचे तळ दिसायला लागले. कारखान्यानं सभासदांच्या जनावरांसाठी आवारात चारा डेपो काढला. बाहेरून ट्रकनं कडबा यायचा. प्रत्येक वाराला काही गावं ठरलेली. चिठ्ठ्या आमच्या मशीनवर छापायच्या आणि डेपोवरचे जगताप कारकून भोंग्यावरून नावं पुकारायचे. नियम असा की नाव तीनदा पुकारायचं. माणूस आला नाही तर पुढचं नाव, आणि राहिलेल्यानं सगळ्यांच्या शेवटी यायचं. नियम कडक होता, पण त्यामुळं मारामाऱ्या झाल्या नाहीत.

नेमकं याच वेळी एमडी साहेबांनी मशीनची मूळ प्रणाली बदलायला काढली. ज्या कंपनीचं मशीन तिचं म्हणणं होतं की जुनी आवृत्ती आता आम्ही सांभाळणार नाही, नवी घ्या. सरांनी हात जोडून सांगितलं, डेपो बंद होऊ द्या, पाऊस पडू द्या, मग करू. साहेब म्हणाले, पुण्याचा इंजिनिअर आत्ताच मोकळा आहे. नवी प्रणाली चढवताना मशीनमधलं सगळं पुसलं जाणार, म्हणून सरांनी सगळा मजकूर स्वतः टेपवर उतरवून घेतला, एकदा नव्हे, दोनदा. इंजिनिअर आला, पोरगेलासा, हसतमुख. बूट न सांगता काढले, म्हणून सरांना आवडला. त्यानं नवी प्रणाली चढवली, वेफर्स खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवसापासून गमती सुरू झाल्या. छपाईची प्रत्येक ओळ आधीची ओळ संपली तिथून सुरू व्हायला लागली. कागदावर तिरप्या पायऱ्या पडायच्या आणि शेवटी अक्षरं कागदाबाहेर जायची. चुकलेलं अक्षर खोडायचं बटण दाबलं की खोडण्याऐवजी भलतीच चिन्हं उमटायची. घड्याळ तर पार वेडं झालं. मशीनच्या मते तो दिवस एकोणीसशे सत्तर सालातला पहिला दिवस होता. सर बघत राहिले आणि म्हणाले, ‘बरंय. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ अजून यायचाय.’ आम्ही हसलो. एकेक गोष्ट त्यांनी जाडजूड पुस्तकात बघून, बाजूला बसून, गार चहा पिऊन दुरुस्त केली. पायऱ्या गेल्या, घड्याळ जाग्यावर आलं. मला वाटलं, सुटलो.

सरांनी काढलेल्या टेपा नवी प्रणाली वाचेना. दोन्ही टेपा. जुन्या आवृत्तीची लिहायची तऱ्हा वेगळी होती, आणि हे इंजिनिअरलाही माहीत नव्हतं. पुण्याला फोन झाले. तिकडून उत्तर आलं की अगदी सुरुवातीला, बाहेरून करून आणलेली टेप साध्या पद्धतीची असेल, ती वाचेल. ती वाचली. आकडे, शेअर, गावं, सगळं जागच्या जागी आलं. सरांनी चिठ्ठ्या छापायला सांगितल्या, कारण दुपारी डेपोवर जनावरं उभी होती. पहिली चिठ्ठी मी फाडून हातात घेतली. किसन्या वल्द म्हाद्या.

मी सरांकडं दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली. दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग मोज्यांवरच एमडींच्या केबिनकडं गेले. मी त्यांना आवारात मोज्यांवर चालताना पहिल्यांदा पाहिलं. सरांनी थोडे दिवस मागितले, हातानं चिठ्ठ्या लिहू म्हणाले. साहेबांनी विचारलं, सभासद नंबर बरोबर आहे का? बरोबर होता. मग साहेब म्हणाले, ‘जनावर काय नाव बघून कडबा खातं का, धावारे?’ जनावरं खरंच उपाशी होती. चिठ्ठ्या गेल्या.

जगतापना सरांनी विनवलं की वाचताना जरा नीट वाचा. जगताप भला माणूस. पण गेन्या म्हणजे ज्ञानोबा की ज्ञानदेव की ज्ञानेश्वर हे त्याला कसं कळणार? त्यानं अंदाजानं पुकारलं, एकाच्या नावावर दुसराच आला, भांडण झालं. मग तो छापलंय तेच वाचायला लागला, आणि त्या भोंग्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

लोकांनी काय केलं? बहुतेकांनी काहीच नाही. मान खाली घालून पुढं आले आणि कडबा उचलला. मला याचाच राग यायचा. एकजण हसून म्हणाला, साहेब, आमाला वाटलंच व्हतं हे लई दिवस टिकायचं न्हाय. सरांनी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, टिकंल. म्या टिकवतो.

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कागद नव्हता, म्हणून प्रत्येकाला पुन्हा विचारणं भाग होतं. ज्या माणसानं धुळीपायी एमडींना बूट काढायला लावले, त्यानं खोलीतून लांबलचक वायर ओढून एक टर्मिनल थेट डेपोच्या खिडकीत नेलं, वर ओलं फडकं टाकलं, आणि उन्हात बसून टाइप करायला लागला. सोमवारची गावं पूर्ण करायची, मग पुढच्या आठवड्यात मंगळवारची, असं ठरलं. एका आठवड्यात एका वाराचीच गावं होत. हिवरवाडी शनिवारी होती, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी.

पहिल्या शनिवारी मी खिडकीत सरांशेजारी उभी होते. जगतापनं पुकारलं, ‘गेन्या वल्द बाळ्या, हिवरवाडी.’ आबा लिंबाखाली उभे होते, गाईचं दावं हातात. हलले नाहीत. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. आबा समोर बघत राहिले. जगताप पुढच्या नावाकडं वळला. लिंबाची सावली सरकली, मग ती उरलीच नाही. आबा तिथंच, भर उन्हात. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी पुढं आले, नंबर सांगितला, पेंढ्या घेतल्या.

मग सर बाहेर गेले. आबांनी विचारलं, ‘मशीन नवं केलं म्हनं.’

‘व्हय आबा.’

‘मंग जुनं नाव कसं काय आलं?’

सरांनी टेपेचं सांगितलं. आबांना त्यातलं काय समजलं कुणास ठाऊक. त्यांनी एवढंच विचारलं की बाकीच्यांचं कसं. सर म्हणाले, समद्यांचं तसंच झालंय. आबांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. ‘मंग आधी त्यांचं कर. मी शेवटी उभा ऱ्हातो. पर त्या नावाला मी ओ देणार न्हाय, उत्तम.’

दर शनिवारी तेच व्हायचं. तीनदा पुकारणं, तीनदा गप्प राहणं, आणि मग उन्हात शेवटपर्यंत उभं राहणं. चैत्र लागला होता. हिवरवाडीचे लोक म्हणायचे, आबा, जावा की, नावानं काय अंगाला भोकं पडत्यात व्हय? आबा हसायचे. सर खिडकीत बसून त्या आठवड्यात राहून गेलेल्या दुसऱ्या गावच्या लोकांची नावं लावत असायचे, आणि दर थोड्या वेळानं त्यांची मान लिंबाकडं वळायची. त्यांनी एकदा पाणी पाठवलं. आबांनी ते गाईला पाजलं.

मला राहवेना. मी सरांना म्हटलं, एक नाव आहे सर. तुम्ही नका टाकू, मी टाकते, अर्ध्या मिनिटात होईल, कुणाला कळणार आहे?

‘आबांना कळंल,’ सर म्हणाले.

मी चिडून म्हटलं, कळू द्या, बरं वाटेल त्यांना. सरांनी मान हलवली. त्याच आठवड्यात एका संचालकानं सगळ्यांदेखत त्यांना म्हटलं होतं की तुमच्या लोकांची नावं झाली असतील आधी, आमची कधी होणार? त्या संचालकाच्या गावाची नावं सरांनी पहिल्याच सोमवारी बसून पुरी केली होती. पण ते उलट बोलले नाहीत. आपलं गाव आधी घेतलं असतं तर हा माणूस म्हणतो ते खरं ठरलं असतं, आणि मग उरलेल्या कुणाच्याच नावावर कुणी विश्वास ठेवला नसता, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. आजही पुरतं पटत नाही. म्हाताऱ्या माणसाला असं उन्हात उभं करून कुठलं तत्त्व सांभाळलं जातं? पण आबांना ते पटलेलं होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये बोलणारी मी कोण?

हिवरवाडीची पाळी येत होती त्या आठवड्यातली गोष्ट. शनिवारी नावं लागणार म्हणून आबांनी फेटा धुऊन वाळत घातला होता, असं नंतर सरांच्या आईनं सांगितलं. गुरुवारी दुपारी ते विहिरीवरून आले, डोकं दुखतंय म्हणाले, आडवे झाले ते उठले नाहीत. ऊन लागल्याचं निमित्त झालं, असं सगळे म्हणाले. शुक्रवारी सकाळी सरांना निरोप आला तेव्हा ते शुक्रवारच्या गावांची मागच्या आठवड्यात राहिलेली शेवटची नावं लावत होते. समोर बसलेल्या माणसाचं नाव त्यांनी पुरं टाइप केलं, वाचून दाखवलं, आणि मग उठले.

त्या शनिवारी टर्मिनलवर मी बसले. हिवरवाडीच्या एकेका माणसाला सरांसारखं विचारलं, नाव काय लावायचं? सगळ्यांची नावं झाली. एकच राहिलं, आणि ते सरांनीच लावावं म्हणून मी मुद्दाम ठेवलं.

ते ठेवायला नको होतं असं मला कुणी म्हणालं नाही, आणि मीही म्हणणार नाही, कारण पुढं जे झालं ते कुणाच्या ध्यानात येण्यासारखं नव्हतं. शेअर विभागातल्या कारकुनानं, घरच्यांचा चारा बंद पडू नये अशा चांगल्या हेतूनं, सोमवारी सकाळीच आबांच्या नोंदीवर ‘मयत’ लावून वारस म्हणून सरांच्या आईचं नाव चढवलं. जुन्या प्रणालीत मयत माणसाची नोंद उघडता यायची. नवीमध्ये मयत लावलं की नोंदीला कुलूप बसायचं. हे आम्हाला तेव्हाच कळलं.

सर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून परत आले. डोकं भादरलेलं नव्हतं, त्यांच्यात ती रीत नाही, पण चेहरा पार उतरलेला. खुर्चीवर बसले आणि पहिली ती नोंद उघडायला गेले. पडद्यावर आलं, परवानगी नाही. पुन्हा केलं. परवानगी नाही. त्यांच्याकडं मुख्य परवलीचा शब्द होता, तोही चालेना. पुण्याला ट्रंक कॉल लावला. तो हसतमुख इंजिनिअर फोनवर होता. तो म्हणाला, जोर लावून उघडता येईल, मी सांगतो तसं करा. पण सर, खात्री देत नाही. बिघडलं तर सगळ्या सभासदांची नोंद बिघडेल, आणि नव्या प्रणालीवरून टेप काढायची सोय अजून झालेली नाही, म्हणून पुन्हा जुनीच टेप चढवावी लागेल.

सरांनी फोन ठेवला. मी म्हटलं, सर, करून बघू या ना. मी बसते रात्रंदिवस, पुन्हा भरू सगळी. ते माझ्याकडं वळले, आणि मला वाटलं की ते हो म्हणतील. त्यांचा हात बटणांवर होता.

‘ऱ्हाऊ द्या,’ ते म्हणाले. ‘आता ती लोकांची नावं हायत.’

मग खुर्ची मागं सरकवली, चष्मा पुसायला काढला, आणि रडले. आवाज न करता. मी दार लावून घेतलं आणि बाहेर उभी राहिले, कुणी येऊ नये म्हणून. एमडी साहेब नेमके त्या दिवशी बूट काढायच्या तयारीनं आले होते. मी त्यांना परत पाठवलं.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी कारखाना सोडून लातूरला आले. सरांची पुन्हा भेट झाली नाही. ते निवृत्त होईपर्यंत तिथंच होते, मशीनं बदलत गेली, नावं मात्र पुन्हा कधी बिघडली नाहीत, एवढं कानावर येत राहिलं. नंतर ते गेल्याचंही कळलं. पण नोकरी सोडायच्या आधीचा शेवटचा शनिवार मी पाहिला आहे, आणि मला ते तसेच आठवतात.

डेपोवर गर्दी होती. जगताप चिठ्ठ्या घेऊन भोंग्यापाशी बसला होता. हिवरवाडीचा गठ्ठा हातात घेतला तेवढ्यात सर आले आणि म्हणाले, आज मी पुकारतो. जगताप उठला. सरांनी गठ्ठा समोर ठेवला, पण वरची चिठ्ठी उचलली नाही. त्यांना जे नाव घ्यायचं होतं त्याची चिठ्ठी त्या गठ्ठ्यात नव्हती.

‘ज्ञानोबा बाळाजी धावारे, हिवरवाडी.’

हिवरवाडीचे लोक भोंग्याकडं वळले. कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली. सर सगळ्यांसाठी थांबायचं तेवढंच थांबले, आणि दुसऱ्यांदा पुकारलं. आवाज सरळ होता, ऑफिसातला. लिंबाखाली एक बाई वासराला धरून उभी होती, ती बाजूला सरकली, कुणाला तरी वाट द्यावी तशी. सरांनी तिसऱ्यांदा पुकारलं. गर्दीकडं बघितलं. कुणी आलं नाही. मग नियमाप्रमाणं त्यांनी वरची चिठ्ठी उचलली आणि पुढचं नाव वाचलं.